संथ वास्तवाची खडतर वाट : कोल्हापूर ते बंगळूर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शहाजीराजांची बंगळूरची जहागीर असावी. त्या विषयावर आपल्यापैकी अनेकांनी यापूर्वी लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिले आहे. मी निराळा विषय निवडला आहे. तो इतिहासाचाच आहे. मात्र हा इतिहास तलवारीचा नसून पडद्याचा आहे, आणि त्याचे काही धागे आपल्या या दत्तक नगरीतून गेलेले आहेत. मी चित्रपटाचा व्यासंगी अभ्यासक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे घालविलेला, साधा बी. ए. झालेला एक प्रेक्षक आहे. वाचकांनी लेखाकडे त्याच दृष्टीने पाहावे, ही विनंती.

निमित्त आपल्याच सभागृहातले आहे. काही वर्षांपूर्वी आपण काही मंडळींनी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट एकत्र बसून पाहिला. त्यात शेवटाकडे असे एक दृश्य आहे. न्यायालयाला सुटी लागते. माणसे उठून जातात, शिपाई आवराआवर करतो, एकेक दिवा मालवतो आणि पडदा काळोखा होतो. कॅमेरा जागचा हलत नाही. आपल्या सभागृहात त्या काळोखात खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या, आणि "झालं का? चला, जेवणं उरकून घेऊ," असा आवाजही आला. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. न्यायाधीशमहाराज कुटुंबकबिल्यासह सहलीला निघाले होते! उठलेली माणसे ओशाळून बसली. काही बसली नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला सौम्य शब्दांत विचारले, "साहेब, इतक्या लांबून आलेल्या माणसांना तुम्ही हे का दाखवलंत?" त्या प्रश्नाला त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिराने दिलेले उत्तर होय.

पूर्वपीठिका

संथ, वास्तवदर्शी चित्रपट ही युरोपातून आणलेली चैन आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो पूर्णतः खरा नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची होती आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो, एवढाच त्याचा विषय. देवदेवतांचे चमत्कार आणि ऐतिहासिक पराक्रम यांच्या त्या जमान्यात ही गोष्ट पडद्यावर आणणे हेच धाडस होते. रात्रीच्या अंधारातली झोपडी आणि बाहेर रडणारा कुत्रा, एवढ्या सामग्रीवर पेंटरांनी उभे केलेले दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात अनेक वर्षे राहिले. जाणकारांनी चित्रपटाची वाखाणणी केली. गल्ल्याने मात्र साथ दिली नाही. पुढे शंभर वर्षे या वाटेवर जे घडत आले, त्याचा मासला पहिल्याच पावलाला मिळाला होता.

१९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला आणि इटलीतील नववास्तववादी चित्रपट आपल्याकडील कलावंतांनी पाहिले. १९५५ साली सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' आला. १९६० साली पुण्यात, प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याच वर्षी सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले, आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. शिकण्याची सोय, कर्जाची सोय आणि जुने उत्तम चित्रपट पाहण्याची सोय अशा तिन्ही गोष्टी चार वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांतूनच मणी कौल यांचा 'उसकी रोटी' साठच्या दशकाच्या अखेरीस निर्माण झाला. बसचालक नवऱ्यासाठी भाकरी घेऊन थांब्यावर उभी राहणारी स्त्री एवढेच त्याचे कथानक. वाट पाहणे हाच विषय असेल, तर प्रेक्षकालाही वाट पाहावी लागणार, हे त्यात प्रथमच इतक्या हट्टाने मांडले गेले. कर्ज मिळाले, चित्रपट झाला, परंतु नेहमीच्या चित्रपटगृहांची दारे त्याला जवळजवळ उघडलीच नाहीत. सरकारने निर्मितीची व्यवस्था केली होती. प्रदर्शनाची केली नव्हती.

बंगळूरचा वाटा

आता आपल्या नगरीकडे वळू. येथील श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रणकलेचे रीतसर शिक्षण पुण्याच्या संस्थेच्याही आधीपासून मिळत असे. गुरुदत्त यांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती येथेच शिकले. गुरुदत्तांचा जन्मही १९२५ साली याच शहरातला. मूर्तींचे सहायक राहिलेले गोविंद निहलानी १९६२ साली याच पॉलिटेक्निकमधून बाहेर पडले आणि १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावर मराठी चित्रपट केला तेव्हा त्याचे छायालेखन त्यांनी केले. मराठीतील नव्या चित्रपटाची पहिली खूण ज्या चित्रपटाने रोवली, त्याच्या कॅमेऱ्यामागची विद्या बंगळुरात घेतलेली होती, ही गोष्ट आपण मंडळाच्या व्यासपीठावरून अभिमानाने सांगण्याजोगी आहे.

कन्नड चित्रपटसृष्टीत याच सुमारास मोठे स्थित्यंतर घडत होते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरील 'संस्कार' हा पट्टाभिराम रेड्डी यांचा चित्रपट १९७० सालचा. आधी परीक्षण मंडळाने त्याला अनुमती नाकारली. नंतर त्याच चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्यात प्राणेशाचार्यांची भूमिका करणारे गिरीश कर्नाड आपल्या माथेरानला जन्मलेले. पुढे १९८२ साली जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त आपण त्यांना मराठी बोलताना पाहिले. 'संस्कार'मागोमाग 'वंशवृक्ष', ब. व. कारंत यांचा 'चोमन दुडी' आणि १९७७ साली गिरीश कासरवल्ली यांचा 'घटश्राद्ध' आला. कासरवल्ली मूळचे औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर. ते सोडून ते पुण्याच्या संस्थेत गेले. 'घटश्राद्ध' हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि त्यालाही सुवर्णकमळ लाभले. २०२४ साली त्याची जीर्णोद्धार केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखविली गेली.

येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. 'श्यामची आई'ने १९५३ सालच्या चित्रपटांतून पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर मराठीला तो सर्वोच्च मान पुन्हा मिळण्यास 'श्वास'पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे थांबावे लागले. त्याच काळात कन्नडने तो सहा वेळा मिळविला, आणि त्यांतील चार वेळा तो एकट्या कासरवल्लींच्या चित्रपटांना मिळाला. पुरस्कार म्हणजे सर्वस्व नव्हे, हे मान्य. पण शेजारच्या घरात काय शिजत होते, याकडे आपले लक्ष कमी होते, एवढे तरी यावरून दिसते. या शहरात १९७१ साली सुरू झालेल्या सुचित्रा फिल्म सोसायटीसारख्या संस्थांनी असे चित्रपट पाहणारा वर्ग तयार केला, हेही नमूद केले पाहिजे. चित्रपट घडविणाऱ्यांइतकीच पाहणाऱ्यांचीही मशागत करावी लागते.

अडचणी कोणत्या?

संथ चित्रपट काढणे सोपे आहे. कॅमेरा एका जागी ठेवला की झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्ष हिशेब मांडल्यास हा भ्रम दूर होतो. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात आणि सेकंदाला चोवीस चित्रे धावतात. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फीत खर्ची पडते. चार मिनिटांचे एक अखंड दृश्य घ्यायचे, तर तीनशे साठ फूट लागतात. पाचव्या वेळी ते मनासारखे जमले, तर अठराशे फूट फीत संपलेली असते, आणि कामाची असते त्याच्या एक पंचमांश. सत्तरच्या दशकात कच्ची फीत परदेशातून परवान्यावर येई. ज्याच्या गाठी पैसा नाही, त्याने अशी उधळपट्टी करायची कशी? तुकड्यातुकड्यांनी केलेल्या चित्रीकरणात एका नटाची चूक झाली, तर तेवढाच तुकडा पुन्हा घेता येतो. अखंड दृश्यात साडेतीन मिनिटांनी कुणाला ठसका लागला, ढग आला किंवा दूरवर मोटारीचा भोंगा वाजला की सारे पहिल्यापासून.

दुसरी अडचण नटांची. संकलकाच्या कात्रीने अनेक उणिवा झाकल्या जातात. अखंड दृश्यात नट उघडा पडतो. बोलणे संपल्यावर हात कुठे ठेवायचे, दुसरा बोलत असताना ऐकायचे कसे, हे सारे दिसते. म्हणूनच या पंथाचे दिग्दर्शक पुष्कळदा अव्यावसायिक माणसे घेतात. 'कोर्ट'मधील लोकशाहीर नारायण कांबळे रंगविणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. २०२१ साली करोनाने त्यांना आपल्यातून नेले. मंड्या जिल्ह्यातील खेड्यात चित्रित झालेल्या राम रेड्डी यांच्या 'तिथि'त (२०१५) तर गावकरीच नट आहेत. मात्र अशा माणसांकडून चार मिनिटे न ढळता काम करून घेणे म्हणजे दिग्दर्शकाच्या धीराची परीक्षाच.

तिसरी अडचण चित्रपटगृहांची. संथ चित्रपटाचा प्रेक्षक हळूहळू जमतो. कुणी पाहतो, कुणाला सांगतो, तो चार दिवसांनी येतो. चित्रपटगृहाचा मालक मात्र पहिल्या शुक्रवार, शनिवार, रविवारचा गल्ला मोजून सोमवारी फलक उतरवितो. प्रेक्षक घरातून निघेपर्यंत चित्रपट गावातून गेलेला असतो.

आज फितीचा खर्च उरलेला नाही. अंकीय कॅमेऱ्याला रीळ लागत नाही. तासभराचे दृश्यही अखंड घेता येते. पण म्हणून अडचणी संपल्या असे नाही, त्यांनी जागा बदलली आहे. पूर्वी दिग्दर्शकाजवळ फीत नसे. आता प्रेक्षकाजवळ वेळ नाही. ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल'ला २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचे पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानी संगीताच्या साधनेत आयुष्य वेचूनही उत्तम न होऊ शकलेल्या गायकाची ती कथा. २०२१ साली ती घरोघरच्या पडद्यावर आली. प्रदर्शनाची अडचण सुटली खरी, पण हातात थांबविण्याची कळ असताना आलाप ऐकत स्वस्थ बसणारे किती? मीही मध्ये दोनदा उठलो होतो, हे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट निःपक्षपातीपणे सांगितली पाहिजे. संथपणा म्हणजे खोली नव्हे. काहीच सांगायचे नसताना भिंतीकडे पाच मिनिटे पाहायला लावणारे चित्रपटही या पंथात झाले आहेत, आणि त्यांनी पुढच्यांची वाट अधिक बिकट केली आहे. खरी कसोटी एकच. दृश्य लांबल्यामुळे एरवी न दिसलेले काही दिसू लागते काय? बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांनी १९७५ साली 'जान दीलमान' या चित्रपटात एका गृहिणीचे बटाटे सोलणे आणि भांडी घासणे जवळपास घडते तितका वेळ दाखविले. चित्रपटाची लांबी तीन तास एकवीस मिनिटे. २०२२ साली जगभरच्या समीक्षकांच्या एका प्रसिद्ध मतगणनेत त्याला पहिले स्थान मिळाले. आपल्या आयांनी जन्मभर केलेले काम कुणी तरी पूर्ण वेळ बसून पाहिले, एवढेच त्याचे नावीन्य. पण ते लहान नव्हे.

एका टेबलाची गोष्ट

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. त्यासाठी थोडे स्वतःविषयी लिहावे लागते, त्याबद्दल क्षमस्व.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत. मिरजेला शेजाऱ्यांकडे दूरचित्रवाणी संच होता. आम्ही मुले ते चित्रपट सुरू होताच अंगणात पळत असू. नोकरीनिमित्त बंगळुरात आल्यावर एका कन्नड सहकाऱ्याने आग्रहाने मला कासरवल्लींचा १९८६ सालचा 'तबरन कथे' दाखविला. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या कथेवरचा हा चित्रपट. तबर हा नगरपालिकेतला निवृत्त शिपाई. आयुष्यभर सरकारशी इमान राखलेला हा माणूस निवृत्तिवेतनासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितो. घरी बायकोच्या पायाची जखम चिघळत जाते. कुणी त्याच्यावर ओरडत नाही, कुणी लाच मागून खलनायकासारखे हसत नाही. प्रत्येक जण नियमाप्रमाणेच बोलतो आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवितो. तबर जातो, उभा राहतो, परत येतो. त्याचे हे जाणे, उभे राहणे आणि परतणे दिग्दर्शक घाई न करता दाखवितो. पैसा हाती येतो तेव्हा त्याचे प्रयोजन उरलेले नसते. तबराची भूमिका करणाऱ्या चारुहासन यांना त्या वर्षीचा उत्कृष्ट अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मी ते पाहिले तो शनिवार होता. सोमवारी कचेरीत गेलो तेव्हा माझ्या दारासमोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसलेले दिसले. ते नवीन नव्हते. काही आठवड्यांपासून येत होते, आणि मी प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात या" असे सांगत होतो. ते उत्तर नियमाला धरून होते. एक प्रमाणपत्र दुसऱ्या शाखेतून यायचे होते. त्या सकाळी मी प्रथमच आतून त्यांच्याकडे नीट पाहिले. पिशवी मांडीवर, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. दर वेळी दार उघडले की ते अर्धे उठत आणि पुन्हा बसत. मी उठून स्वतः त्या शाखेत गेलो. कागद तेथे नव्हताच. तो एकोणीस दिवसांपासून माझ्याच टेबलावर, दुसऱ्या एका फाइलच्या पोटात होता.

चित्रपटाने माणूस सुधारतो, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यानंतरही माझ्या टेबलावर कागद राहिले असतील. मला एवढेच म्हणायचे आहे की, भरधाव चित्रपटात तबराची खेप तीन सेकंदांत उरकली असती आणि मला फक्त कथानक कळले असते. तो उभा राहिला तितका वेळ मला त्याच्याबरोबर उभे राहावे लागले, म्हणून मला बाक दिसला. अधिकाऱ्याचा वेळ आणि बाकावरच्या माणसाचा वेळ निराळा असतो. हे परिपत्रकांतून कळत नाही.

'कोर्ट'मध्येही तेच आहे. गटारात मरण पावलेल्या एका सफाई कामगाराने शाहिराच्या गाण्यावरून आत्महत्या केली, असा आरोप. आणि मग तारखांमागून तारखा. बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून एका स्त्रीचे प्रकरण न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत. परंतु दिग्दर्शक कुणालाही राक्षस ठरवीत नाही. सरकारी वकीलबाईंच्या मागे तो घरापर्यंत जातो. लोकलचा प्रवास, पाळणाघरातून मुलाला आणणे, स्वयंपाक, रविवारचे नाटक. त्या बाई अगदी आपल्यातल्याच आहेत. म्हणूनच शेवटच्या काळोखात आपल्या सभागृहातील मंडळी अस्वस्थ झाली असावीत, असे मला वाटते. शहाजीराजांच्या पराक्रमात आपण स्वतःला सहज पाहतो. दिवे मालवून सुटीवर निघालेल्या त्या न्यायालयात स्वतःला पाहणे जड जाते.

गावापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मराठी चित्रपटाकडून गावाची आठवण हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र आठवणीतले गाव नेहमी सुबक असते. संथ, वास्तवदर्शी चित्रपट आपल्याला त्या गावी राहणाऱ्यांचा खरा वेळ दाखवितो. तो पाहिल्याशिवाय आपले नाते सणासुदीपुरतेच उरेल, अशी मला भीती वाटते. आपली मुले मराठी बोलतात, पण मराठी माणसाला गप्प बसलेले त्यांनी फारसे पाहिलेले नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. वर्षातून दोन रविवार असे दोन चित्रपट दाखवावेत, एक मराठी आणि एक कन्नड. जेवण चित्रपटानंतर ठेवावे आणि तशी सूचना निमंत्रणपत्रिकेत स्पष्ट छापावी. पहिल्या खेळाला दहा माणसे आली तरी हरकत नाही. दिवे मालवल्यावर कुणी घाईने उठू नये म्हणून दाराशी बसण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो. ज्या ज्येष्ठ सभासदांनी मला तो प्रश्न विचारला होता, त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची राखून ठेवीन.